आईला कळवलेलं नाही

३ नोव्हेंबर २०२५, मुनिरका

आले बाई एकदाची दिल्लीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच माझी स्वतःची खोली. तिसरा मजला, खिडकी उघडली की समोरच्यांच्या वॉशिंग मशीनचं दर्शन. हवेने दोन तासांत घसा खरवडून निघाला, तरी मी खूश आहे. शेजारच्या खोल्यांमधले विद्यार्थी मला आंटी म्हणतात. होईल सवय.

नोकरी गुरुग्रामला. कॅनडातल्या कुटुंबांनी जपलेली युद्धकाळातली पत्रं स्कॅन होऊन येतात, ती वाचून टाइप करायची. वीस वर्षं शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासल्यात, कसलंही अक्षर मला घाबरवत नाही. टीम लीड हेमांगी दिल्लीतच वाढलेली. छान मराठी बोलते, शब्द अडला की हिंदीत शिरते. तिने एकच नियम सांगितला. जे वाचता येत नाही त्यावर ‘अवाचनीय’ अशी खूण करायची. ते पान मग बंद होतं, पुन्हा कोणी उघडत नाही.

६ नोव्हेंबर

पहिलं फोल्डर, चौसष्ट पानं. सस्कॅचेवान नावाच्या प्रांतातलं गहू पिकवणारं लहानसं गाव, तिथल्या एडिथ मॅकरे नावाच्या एक्कावन्न वर्षांच्या बाई, आणि १९४३ साली इटलीत लढणारा त्यांचा एकुलता एक मुलगा अ‍ॅलन.

लढाई पत्रांत जवळजवळ नाहीच. अ‍ॅलन चिखलाबद्दल लिहितो, सिगारेटी देऊन अंडी मिळवली त्याबद्दल, डब्याच्या झाकणाने हॉकी खेळल्याबद्दल. बाई साखरेच्या कुपनांबद्दल लिहितात. तव्यातली उरलेली चरबी साठवून खाटकाकडे द्यायची, तिच्यापासून म्हणे दारूगोळा होतो. केकचा डबा कापडात शिवून पाठवतात. मोजे विणतात आणि बजावतात की तुझा डावा पाय मोठा आहे हे मी विसरलेले नाही. मला हसू आलं. आमच्या आईचं डिट्टो असंच.

११ नोव्हेंबर

आज शेवटचं, चौसष्टावं पान. तार. खेदाने कळवण्यात येते की, आणि पुढे अ‍ॅलनचं नाव, नंबर, तारीख. शब्द न् शब्द स्पष्ट होता.

मी ‘अवाचनीय’ अशी खूण केली.

का केली? आमच्या घरात असंच करतात म्हणून. माझा धाकटा भाऊ निहार सैन्यात होता. २०१७च्या जानेवारीत बर्फाखाली गेला. आई तेव्हा अर्धांगवायूने डावं अंग लुळं पडून अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. बाळमामा म्हणाले, ताईला कळवायचं नाही. क्रियाकर्म नाशिकला परस्पर उरकलं. मग सात वर्षं दर महिन्याला मी निहारचं पत्र लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. पोस्टिंग लांब आहे, तिथे फोन लागत नाही, मी मजेत आहे. मागच्या वर्षी आई गेली. सगळे म्हणाले, न कळता गेली, सुटली. मीही तसंच म्हणाले.

१३ नोव्हेंबर

फोल्डरमध्ये सत्तर पानं झाली आहेत. नवी सहाही एडिथबाईंचीच, १९४४ची. तुझं पत्र नाही, टपाल रखडलं असेल, नवे मोजे पाठवते आहे. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तारेनंतर बाईंचं काय झालं असेल या विचाराने दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

एकशे बारा पानं. १९५१. १९६८. प्रत्येक नाताळला एक पत्र. १९८९मध्ये बाई सत्त्याण्णव वर्षांच्या. अ‍ॅलन, दिवा लावून ठेवते आहे.

हेमांगीला माझ्या पडद्यावर दाखवलं. अच्छा, पण यार, हे तर सगळे कोरे कागद आहेत, असं म्हणाली ती, आणि एक दिवस सुट्टी घे म्हणाली. हळूच बोलली, आजारी माणसाशी बोलतात तसं. तिच्या स्वतःच्या पडद्यावर तर चौसष्टच पानं आहेत.

१९ नोव्हेंबर

२००९. अक्षर ओळी सोडून भरकटलंय. डोळे गेले, चाचपून लिहिते. शेजारी गेले, घर पडलं. फाटक होतं तिथे बसून आहे. दोन हिवाळ्यांत बोटं गळाली, उरलेल्यांनी लिहिते. दुखत नाही. भूक लागत नाही. मरण येत नाही, कारण तू येशील आणि मी नसेन तर कसं व्हायचं.

हे माझ्यामुळे. एका खुणेमुळे.

२० नोव्हेंबर

कामावर गेले नाही. आईचा दहावा दिवस आठवतो आहे. पिंडाला कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा होते, खाली एकही येईना. तास गेला. मामा हात जोडून म्हणाले, ताई, तुझ्या क्षिप्राला आम्ही अंतर देणार नाही. मामी म्हणाली, ताई, घर नीट राखू. सगळ्यांनी सगळं सांगितलं, तेवढं एक सोडून. मी तोंडाला पदर लावून उभी होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि आम्ही जेवायला गेलो.

आई सुटलेली नाही. मला त्याच दिवशी माहीत होतं.

२१ नोव्हेंबर

नवं पान. तारीख आजची.

आता मी एकटी नाही, एडिथबाई लिहितात. शेजारी एक बाई येऊन बसली आहे. डावा हात उजव्या हाताने मांडीवर धरून बसते. आम्हाला एकमेकींची भाषा कळत नाही. रस्त्यावर पाऊल वाजलं की ती एकच नाव घेते. निहार. हा तिचा मुलगा असेल. आम्ही दोघी—

पुढे वाचवेना. आई, तिथे किती थंडी असेल गं—

२२ नोव्हेंबर

शनिवार, तरी गेले. हेमांगीचे अक्षरशः पाय धरले, तिने चौसष्टावं पान उघडून दिलं. तार टाइप केली. शेवटच्या अक्षरापर्यंत. नाव, नंबर, तारीख.

पाच मिनिटांत एक पान आलं. चारच ओळी. कळलं. आता आत जाते. तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत. शेजारची बाई मात्र उठली आहे, तुम्ही बसलाय त्या दिशेने चालायला लागली आहे. तिलाही सांगा.

नंतर फोल्डर रिकामं.

सांगेन. ठरलं. एकच वाक्य तर आहे. निहार गेला. आठ वर्षं झाली. ती पत्रं मी लिहिली. पाठ करते आहे—

२३ नोव्हेंबर

दुपार. दाराशी पाय घासत चालल्याचा आवाज. डावा पाय—

आत आली. कॉटवर बसली आहे. साडीला बर्फ. ओठ निळे. हात हातात घेतला, इतका गार—

लिहूनच सांगते. तोंडाने होणार नाही. ती वाचेल. आई, निहार

आई, निहार

तिने विचारलं, पत्र आलं का गं? आणि हसली. किती दिवसांनी हसली. डोळे असे—

आई, हो. आलंय. कालच आलं. ऐक हं, वाचते. ती. आईस शि. सा. न. मी मजेत आहे. रजा पुढच्या महिन्यात नक्की. तू तोवर वाट