हात सुटला ते कळलं

आईला तिच्या बाळासोचा पुण्याहून नमस्कार.

वहिनी हे वाचून दाखवतील. डाव्या हाताच्या अक्षराला हसू नका म्हणावं.

मी बरा हाय. जेवण चांगलं हाय, भाकरी तेवढी मिळत न्हाई. म्हैस व्याली का? गुडघा अजून दुखत असंल तर पाटणला दाखवून ये, अंगावर काढू नको.

कडबाकुट्टीच्या मशिनीत उजवा हात गेल्यावर बसवलेला तो प्लास्टिकचा हात नुसता दिसायपुरता होता. इथं डॉक्टरांनी नवा लावलाय. त्याच्या बोटांत तारा हायत. कुणी बोट दाबलं की माझं गेलेलं बोटच दाबल्यासारखं वाटतं.

काल डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी घेतली. सिस्टरनी माझा नवा हात धरला. थोड्या वेळानं मी म्हणालो, "आता सोडला तुमी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. त्यांना वाटलं, आनंदानं रडतोय.

आये, आबांनी शेवटी माझा हात मागितला, तवा वडलांना डावा कसा द्यायचा, म्हणून मी उजवाच पुढं केला. तो प्लास्टिकचा. तू "आबा गेले" म्हणालीस, तवा मला समजलं. तोवर त्यांनी हात धरलाय असंच समजून मी बसलो होतो.

त्यांचा हात कवा सुटला, तू बघितलंस का? फोनवर सांगू नको. मला ऐकवणार न्हाई. वहिनींना लिहायला सांग.

तुझा,
बाळासो