दोनदा दाबलेलं बटण

प्रिय ताई,

तीन आठवडे हे पत्र डोक्यातच लिहितोय. आधी पेन चालेना, मग पंपाच्या खोलीच्या खिडकीत पारव्यानं घरटं केलं, तेच बघत बसलो. तुझा भिंगरी अजून तसाच आहे, आणि मला माझाच वैताग आलाय.

पोहण्याच्या तलावावर काम मिळालं, हे कळवलं होतंच. कपडे ठेवायचे चौसष्ट कप्पे; त्यांची कुलपं काउंटरवरच्या नव्या पेटीतून चालतात आणि पेटीचा प्रोग्राम माझा. तू शिकवलंस तसं प्रत्येक कप्प्याला एक बिट: एक म्हणजे कुलूप लागलं, शून्य म्हणजे उघडं. आठ बाइटांत अख्खी खोली मावली. मॅनेजर म्हणाला, पोरगा हुशार आहे. मी दोन दिवस हवेत.

काउंटरवर मावशी बसायच्या. अकरा वर्षं. 'काय रे शास्त्रज्ञा, जेवलास का' असं विचारणाऱ्या इथे त्या एकट्याच. पेटी आली आणि लोकांचे कप्पे उघडे सापडू लागले. एका बाईंचं घड्याळ गेलं. बटणांना हात फक्त मावशींचा, म्हणून मॅनेजरनं त्यांना घरी बसवलं. पेटी हुशार, मग दोष माणसाचाच. अकरा वर्षांत एक रुमालसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही, एवढंच त्या बोलल्या.

मी आठवडाभर तारा तपासल्या, कुलपं खोलली, पेटीला शिव्या घातल्या. काल माझ्याच प्रोग्राममधली ती चुकीची ओळ दिसली. 'लावा' आणि 'उघडा' अशी दोन बटणं. लावताना ऑर, म्हणजे बिट एकच होणार; उघडताना मास्क उलटा करून अँड, म्हणजे शून्यच होणार, मग कितीदाही दाबा; हे तू माझ्याकडून घोकून घेतलं होतंस. मी आळशीपणानं दोन्हींना एकच एक्सॉर लावला. त्याला लावणं-उघडणं काही कळत नाही, असेल ते उलटं करतो. तपासताना मी एकदा लावलं, एकदा उघडलं, सगळं ठीक. मावशी मात्र खात्री म्हणून 'लावा' दोनदा दाबायच्या. पहिल्यांदा कुलूप लागायचं, दुसऱ्यांदा निघायचं. इतकी जपून वागणारी बाई, आणि चोर ठरली.

दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. सांगणं काही होत नाही. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि ही सहावी. बॅग भरून ठेवलीये, ताई. चारची बस आहे. इथे न सांगता निघतोय, हे तुला तरी सांगावं म्हणून लिहायला बसलो. पण आत्ता दारात मावशी उभ्या आहेत. काउंटरवर राहिलेला चष्मा न्यायला आल्यात. बॅगेकडे बघून म्हणतायत, कुठे निघालास रे. मी बॅग बाजूला सारून त्यांना पेटीसमोर खुर्ची दिलीये.

तुझाच,
भिंगरी