लग्नपत्रिकेतील गजकर्णाबाबत खुलासा

लिहून देणार जोतीराम भीमा मारकड, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (पहिल्या क्रमांकाने), धंदा ऊसशेती, राहणार पळसदेव, नियोजित वराचा आजा, याजकडून काटेवाडीचे व्याही श्रीमान बापूसाहेब यांस आदरपूर्वक रामराम. आपले गुडघे व म्हशी यांचे कुशल कळवावे. आमचेकडे सर्वांची प्रकृती उत्तम असून त्वचा तर विशेष निकोप आहे. त्याचाच हा खुलासा.

आमची नात डॉ. प्रतिक्षा बारामतीस त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिचा लेख वैद्यकीय मासिकात आला, मी पेढे वाटले. तेव्हा समजले, की नुसते छापून भागत नाही. इतरांनी आपल्या लेखात त्याचा उल्लेख करावा लागतो, व अशा उल्लेखांवरून प्रत्येक मासिकाचा दरसाल आकडा निघतो. (कारखान्याच्या साखर-उताऱ्यासारखा, असे समजून मी मान डोलावली.) हृदयाच्या मासिकांचा आकडा थोर, फुफ्फुसाच्यांचा साथीत चढला व मागाहून उतरला, त्वचेचा बेताचाच, कारण लिहिणारे थोडे. आणि आमच्या लेखाचे उल्लेख? शून्य. मारकडांच्या घरात शून्य! ("आबा, तुमी यात पडू नका," असे ती म्हणाली होती, हे नमूद करणे भाग आहे.)

मी पडलो. छापील जागी मानाने नाव घेण्याची आपली रीत एकच, लग्नपत्रिका. म्हणून चि. युवराजच्या पत्रिकेत, कुलदैवताच्या खाली व सरपंचांच्या वर, मी स्वखुशीने छापविले : ‘ऊसतोड मजुरांच्या जांघेतील चिवट गजकर्ण – डॉ. प्रतिक्षा’. (लेखाच्या मूळ इंग्रजी मथळ्याचे मराठी करण्याचा आग्रहही माझाच.)

आपल्या सौ. बनाबाईंनी पत्रिका दुसऱ्याकडून वाचून घेऊन "नवऱ्या मुलालाच हाय व्हय हे? मग हळद लावायची का मलम?" असे विचारले व आपण हळदीचा बेत थांबविलात, यात आपला काडीचाही दोष नाही. प्रतिक्षाने युवराजला नखशिखांत तपासले. तो निष्कलंक आहे. तपासताना ती रागाने माझ्याकडेच पाहत होती. "आबा, उल्लेख डॉक्टरांनी करायचा आसतो, वाजंत्र्यांनी न्हाय!" एवढेच बोलली. तरी हळद थांबवू नये. खोड आज्याच्या डोक्यात आहे, नातवाच्या अंगावर नाही.

समक्ष हजर साक्षीदार : सौ. सारजा, पत्नी (हसू न आवरल्याने अंगठा तिरका उमटला), डॉ. प्रतिक्षा, स्वतः युवराज, टॉवेलवर.

ता.क. आपल्या सूनबाई डॉ. अनिता पुण्यास त्वचेच्याच मासिकात लिहितात असे कळते. त्यांच्या पुढील लेखात आमच्या लेखाचा एक उल्लेख व्हावा. प्रतिक्षास सांगू नये.

आणखी ता.क. फेड म्हणून पतवंडाच्या बारशाच्या पत्रिकेत त्यांचाही लेख मानाने छापू. अवयव मात्र सभ्य असावा.