चौसष्टाव्या किलोमीटरवर

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची. नातीने हात धरून गाडीतून उतरवलं आणि समोर बघते तर घर कुठलं, ओसाड माळावर एकटाच मोठा पत्र्याचा डबा. पण आतून झकास. एक राहायची खोली, ओटा, मोरी, आणि काचेच्या भिंतीपलीकडे यंत्रांची खोली. यंत्रांना गारवा लागतो म्हणून आपल्यालाही गारवा. या वयात फुकट मिळतंय तर तोंड कशाला वाकडं करा.

नातीचं काम दोन महिन्यांचं, नातजावई बोटीवर, म्हणून पणतवाला सांभाळायला मला आणलं. सात महिन्यांचा आहे आणि सगळ्यांना कामाला लावतो, म्हणून मी त्याला साहेब म्हणते.

ही वही नातीने दिली. दर दोन तासांनी पडद्यावरचे आकडे लिहायचे. ते मी डाव्या पानावर लिहिते. उजवं पान कोरं राहतं, ते वाया का घालवा? चौथीतच शाळा सुटली माझी, पण लिहायचा कंटाळा नाही.

मंगळवार, ५ तारीख

आज नातीने काम समजावलं. जमिनीखालून केसाएवढी काचेची तार जाते. तिच्यातून उजेड पळतो आणि लोकांचं बोलणं घेऊन जातो. ऐंशी किलोमीटर पळाला की थकतो. मग अशा डब्यात त्याला जोर द्यायचा आणि पुढे धाडायचा. जोर कमी पडला तर पोचत नाही. जास्त दिला तर वाटेत मिसळलेला कचराही तेवढाच फुगतो. नेमका मधला आकडा तिला शोधायचाय. मी म्हटलं, बाळाच्या अंघोळीचं पाणी कोमट करण्यासारखंच की. ती म्हणाली, हे शिकायला मला सहा वर्षं लागली, आजी.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. दाराला कडी नाही. बटण दाबायचं आणि वाट बघायची. याच तारेतून मुख्य ऑफिसला निरोप जातो, तिथून परवानगी येते, तांबडा दिवा हिरवा होतो, मग दार हलतं. आपल्याच दारातून जायला शेकडो मैलांवरच्या माणसाला विचारायचं. तार बंद पडली तर? तर दार बंदच राहतं, यंत्रं चोरीला जाऊ नयेत म्हणून. फोनही याच तारेवर, मोबाइलला इथे रेंज नाही. नातीने मुख्य ऑफिसातल्या माणसाला हे तीनदा सांगितलंय. तो बघतो म्हणतो. मी त्याचं नाव बघतोबुवा ठेवलं.

गुरुवार, ७ तारीख

पडद्यावर एक सपाट रेघ असते. तारेजवळ कुठे जमीन हादरली तर तिथे उंचवटा येतो. ट्रक गेला की उंचवटा त्याच्याबरोबर सरकत जातो, मुंगी चालल्यासारखा. साहेबांना हा खेळ आवडतो.

आज जोर सतरावर असताना चौसष्टाव्या किलोमीटरवर बारीक उंचवटा आला. सरकेना. एका जागी वर-खाली. नात म्हणाली, पाण्याचा पंप असेल. असेल. पण पंप असा चालतो का? तीन सावकाश, दोन पटापट, मग जरा थांबून पुन्हा.

शनिवार, ९ तारीख

नातीने जोर एकोणीसवर नेला आणि उंचवटा एकेचाळीसवर आला. पंपाला पाय फुटले म्हणायचे.

दुपारी साहेबांना मांडीवर घेऊन थोपटत होते. काचेतून पडदा दिसतो. माझा हात आणि ती रेघ, दोन्हींचा ताल एक. तीन सावकाश, दोन पटापट. माझी पोरं मी अशीच निजवली, त्यांची पोरंही. दुसऱ्या कुणाला असं थोपटताना मी पाहिलेलं नाही.

मी हात थांबवला. रेघ थांबली नाही.

नातीला सांगितलं. तिचं म्हणणं, तुझ्याच हाताचा हादरा जमिनीतून तारेत जात असेल आणि परत येत असेल, प्रतिध्वनीसारखा. मी विचारलं, प्रतिध्वनी तेवीस किलोमीटर चालून येतो का? ती उठून पुन्हा आकडे तपासायला लागली. मला ते आवडलं नाही. तिने मला वेड्यात काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवार, १० तारीख

नातीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. जोर वाढवला की ते जवळ येतं, कमी केला की मागे जातं. एकवीसवर बारा किलोमीटर. सतरावर पुन्हा चौसष्ट.

बघतोबुवाला फोन केला. तो म्हणाला बघतो, पण मंगळवारी बावीसवर न्यायलाच हवं, पुढच्या डब्यात उजेड पोचत नाही.

मी नातीला म्हटलं, गुरुवारी सामानाची गाडी येते. तिच्यातून साहेबांना घेऊन निघायचं, तूही नोकरीवर पाणी सोड. ती लगेच हो म्हणाली. म्हणजे तीही घाबरलीय.

मंगळवार, १२ तारीख, सकाळ

बावीस. तीन किलोमीटर.

तिथे केबलचा खड्डा आहे. नात स्कूटर घेऊन बघायला गेली. तासाभरात येते म्हणाली, कशाला हात लावू नकोस म्हणाली. साहेब पोटभर पिऊन झोपलेत.

अकरा वाजता

आकडा बावीसच आहे. उंचवटा दोनवर.

आता दीडवर. कुणी काही केलेलं नाही. ते आपलं आपण—

नात त्याच वाटेवर आहे. मी जोर कमी केला. बटण मला ठाऊक आहे, रोज बघते. वीस. सतरा. चौदा. रेघ सपाट झाली. गेली ब्याद.

दाराचा दिवा विझला.

बारा वाजता

काय करून बसले मी.

नात आली. धड आहे. खड्ड्यात काही नव्हतं म्हणते. पण ती बाहेर आणि आम्ही आत. चौदावर तार तुटते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्र्याला तोंड लावून बोलली, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"आजी, चोवीसवर ने. एकदा तुटली की त्याखाली जुळत नाही."

मी म्हटलं, बावीसवर ते तीनवर होतं. चोवीसवर कुठे असेल?

पलीकडे ती पत्र्याला टेकून खाली बसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, गाडी गुरुवारी येणार, आणि स्कूटरमध्ये गाव गाठण्याएवढं पेट्रोल नाही.

दीड वाजता

साहेब उठले. भूक लागलीय. साखरपाणी चमच्याने दिलं, थुंकले. ते अजून आईच्याच दुधावर, आणि आई दाराच्या त्या बाजूला आहे. रडून रडून ओठ कोरडे पडलेत. बाहेर ती रडतेय. गुरुवार लांब आहे.

चुकी माझी. बटणही मीच दाबणार.

साहेबांना गादीवर ठेवलं. बटणापाशी उभी आहे. आकडे लिहीत जाते, मागून कुणाला कळावं म्हणून.

१७ — चौसष्टवर नाही. बारावर.

१९ — तीन.

२१ — एक. साहेब अजून रडताहेत. रडू देत. रडताहेत तोवर बरं.

२२ — उंचवटा नाही. सगळी रेघच वर-खाली.

२३ — फरशी. पायाला कळतंय. तीन साव—

नात दार बडवतेय. तिचा ताल वेगळा. तो ओळखता येतो.

२४ — दिवा लागला. तांबडा. म्हणजे निरोप गेला. बटण सोडलं की आकडा खाली घसरतो, म्हणून दाबूनच धरलंय. आता वाट बघायची. बघतोबुवा, बघ रे बाबा लवकर.

साहेब रडायचे थांबले.

हुं हुं करताहेत. झोप येताना करतात तसं. थोपटलं की करतात तसं.

दिवा अजून तांबडा. मी गादीपासून चार पावलांवर आहे. एका हातात पेन. दुसरा बटणावर, सोडला तर तार पुन्हा—

मग साहेबांच्या पाठीवर तो हात कुणा