उन्हातले चार सासरे

तीर्थरूप ताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा. इकडे सगळे ठणठणीत. बाबांच्या तब्येतीबद्दल काही कानावर आलं असेल तर ते साफ खोटं आहे. ते पसरलं कसं, तेच सांगतो.

आमच्या छपाईच्या दुकानात शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शाळेच्या बाहेरच्या भिंतीसाठी त्यांना साठ फलक छापून हवे होते. आधीचे फलक एका उन्हाळ्यात पांढरे पडलेले (फोटोतली विज्ञानाची अख्खी तुकडी गेली), म्हणून बाईंनी टिकाऊ शाईचा पुरावा मागितला. मी म्हटलं, दोन महिन्यांत देतो. मला कशाची शंका येत नाही, हा माझा स्वभाव (धाकटी त्याला दुसरं नाव देते).

चार शाया आणल्या. एकच फोटो चारही शायांनी छापला, प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला आणि रस्त्याकडच्या काचेवर उन्हात चिकटवला. फोटोत सगळे रंग हवे होते. घरात असा एकच सापडला, बागेत उभे असलेले बाबा. लाल स्वेटर, निळं आकाश, हिरवं झाड, शिवाय मिशी. शास्त्राच्या दृष्टीने तुमचे वडील परिपूर्ण आहेत.

तीन आठवड्यांत एक बाबा जांभळे झाले, दुसरे हिरवे, तिसऱ्यांची अर्धी मिशी गेली. चौथे होते तसेच. मी खूश! पण समोरच्या शिंप्याने या फोटोंवरून बाबांचे दिवस भरत आलेत असा भलताच अर्थ लावला आणि धाकटीला गाठून तिचं सांत्वन केलं. (तिला वाटलं तो माझ्याबद्दल बोलतोय, म्हणून तिनेही मान डोलावली.)

त्याच आठवड्यात बाबा न कळवता आले. शिंप्याच्या हातून टेप गळून पडली. बाबा काचेसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, मला काय झालंय ते मला तरी सांगा."

समजावल्यावर रागावले मात्र नाहीत. उलट बाहेर खुर्ची मागवली आणि रोज वहीत शिसपेनने नोंदी करू लागले. 'हिरव्याचा कान आज गेला.' मला ते जरा अतीच वाटलं.

दोन महिन्यांनी बाई आल्या. पुठ्ठे काढले. चौथे बाबा दोन्हीकडून सारखेच लालबुंद! "ही कुठली शाई?" बाईंनी विचारलं. मी ऐटीत फोटोखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. चिठ्ठी कोरी. चारही कोऱ्या. शायांची नावं मी साध्या पेनने लिहिली होती, ती उन्हाने पुसून टाकलेली. बाई पर्स उचलून निघाल्याच होत्या.

तेवढ्यात बाबांनी वही उघडली. पहिल्याच पानावर चारही नावं, डावीकडून उजवीकडे. बाई परत बसल्या आणि सगळं काम आम्हालाच दिलं. जाताना बाबांचे त्यांनी तीनदा आभार मानले. माझ्याकडे नुसतं पाहिलं. असो. मूळ कल्पना माझी, हे तुम्ही तरी लक्षात ठेवा.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. बाबांना आता कागद बदलून आणखी सहा महिने चाचणी करायची आहे. आमच्या काचेवर ऊन चारच तास येतं. तुमची गच्ची दिवसभर तापते असं ऐकतो. त्यांना बोलावून घ्याल का?

पुन्हा ता. क. हे पत्र बाबांना वाचून दाखवलं. "माझ्या मुलीला विचारायचं काय त्यात?" असं म्हणून ते सकाळीच तुमच्याकडे निघाले. या खेपेला फोटो तुमच्या लग्नातला घेतलाय.