ह्यांच्या डोक्यातलं टाऊ

३ ऑगस्ट २०२५, रविवार

मोडली! मोनिकाची सोयरीक मोडली — आणि मोडली कुणी, तर तिच्या सख्ख्या बापानं!

वैजापूरहून पाहुणे आले होते. सगळं जमत आलेलं. ह्यांनी सरळ मुलाच्या आईच्या बशीतला पेढा उचलून तोंडात टाकला. वर म्हणाले, "तुम्ही लई जाड झाल्यात, तुम्हाला कशाला पाहिजे?" ती बाई बशी ठेवून उठलीच. मी पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. आणि हे? पाहुण्यांचे उरलेले पोहे संपवत बसले.

मोनिका आत रडत होती. म्हटलं, पोरीचं तोंड तरी बघा. "चहा टाक," म्हणाले.

पूर्वी तिला ताप आला तर ह्याच माणसाला जेवण जायचं नाही.

४ ऑगस्ट

आजपासून 'हे' नाही. तो. आदर ठेवायला काही उरायला तर पाहिजे!

१३ ऑगस्ट

त्याला कंपनीतून सिक्युरिटीवाल्यांनी घरी आणून सोडलं. दुसऱ्यांचे डबे उघडून खातो म्हणे. मॅनेजरला 'ए' म्हणतो. सुपरवायझर आहे तो, अख्खी लाइन त्याच्या शब्दावर चालायची! आता येऊच नका म्हणाले. बजाजनगरातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात बातमी माझ्याआधी पोचलेली. ब्लाउजचं माप देता देता बाया माझा चेहरा न्याहाळत होत्या.

दीर शिवराज आला फुलंब्रीहून. "दादा पितोय वहिनी. नायतर बाहेर काय तरी भानगड हाय. तुमचा धाक नाय ऱ्हायला."

माझा धाक! एवढ्या मोठ्या बाप्याला मी धाक लावायचा! तोंडाचा वास घेतलाय मी, रोज घेते. दारू नाही. असती तर बरं झालं असतं — काय झालंय ते तरी कळलं असतं.

२१ ऑगस्ट

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बिस्किटाचे पुडे उचलले. दुकानदारानं चारचौघांत कॉलर धरली. घरी आणल्यावर मी हात उचलला त्याच्यावर. जोरात. गालावर बोटं उमटली. आणि तो बिस्किट चावत राहिला! ना राग, ना लाज, ना डोळ्यांत पाणी.

२५ ऑगस्ट

वकीलबाईंना भेटले. वेगळं राहायचंय म्हटलं. बस झालं.

२६ ऑगस्ट

मोनिका म्हणते, "आई, वकिलाआधी मेंदूच्या डॉक्टरला दाखव. पप्पा असे नव्हते." नर्सिंग शिकतेय, तिला फार कळतं! म्हटलं, तुझं लग्न मोडलं त्यानं आणि तूच त्याची बाजू घेतेस? मागच्या डॉक्टरनं टेन्शन आहे म्हणून झोपेच्या गोळ्याच दिल्या ना? — "बाजू नाही घेत. तो डॉक्टर चुकला असेल, एवढंच म्हणतेय."

तिच्यावरही ओरडले. पण नंबर लावू दिला.

९ सप्टेंबर

मेंदूच्या डॉक्टर अरफा मॅडमनी एमआरआयची फिल्म उजेडापुढं धरली. कपाळामागचा भाग सुकलाय, म्हणाल्या. लाज, माया, दुसऱ्याचं दुःख कळणं — बरंचसं तिथनं चालतं.

मी म्हटलं, कशानं?

"मेंदूच्या पेशीत टाऊ नावाचं प्रथिन असतं. पेशीच्या आतले बारीक रस्ते ते धरून ठेवतं. ते बिघडलं की सुटतं, एकमेकांना चिकटतं, गाठी होतात. पेशी मरतात. मग शेजारच्या पेशींत पसरत जातं. ह्यांना बहुतेक तेच झालंय. जनुकांची तपासणी करू, म्हणजे पक्कं कळेल."

"पण ह्यांना तर सगळं आठवतं!"

"अल्झायमरमध्येही टाऊच्या गाठी होतात, तिथं बहुधा आठवण आधी जाते. ह्यांचं वागणं आधी गेलंय."

औषध? थांबवणारं आज तरी नाही.

आम्ही बोलत होतो आणि तो मॅडमचा पेपरवेट खिशात घालत होता. मला आज प्रथमच त्याला हिसका द्यावासा वाटला नाही.

१० सप्टेंबर

प्रथिन म्हणे! डाळीत असतं ते! त्याला कोर्टात कसं खेचू? कुणाच्या गालावर बोटं उमटवू?

माझा नवरा आतल्या आत झिजत गेला आणि मी वास घेत बसले!

कंपनीत फोन केला. आजारी आहेत, कागद दाखवते म्हटलं. "राजीनाम्यावर त्यांचीच सही आहे, मॅडम." आजारी माणसाची सही घेतली मेल्यांनी! वकीलबाईंना सांगितलं — वेगळं राहायचं राहू द्या, आता कंपनीला नोटीस काढा.

पुण्याला कॉलेजात असलेल्या सम्यकला कळवलं. "म्हणजे आता माफ करायचं का त्या माणसाला?" म्हणाला. माझाच आवाज त्याच्या तोंडात. फोन आपटला मी.

हे आत झोपलेत. हे.

१७ सप्टेंबर

फुलंब्रीला गेले, सासूबाईंना सांगायला. सारजाबाई म्हणजे कडक बाई. पलंगावर ताठ बसून सगळं ऐकलं.

सासरे फकिरा, त्यांचं नाव त्या घरात कुणी काढत नाही. हे लहान असतानाच गावानं मारून हाकललं त्यांना. जालन्याच्या स्टेशनवर मेले म्हणतात. बदफैली होते, एवढंच मला सांगितलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं बी असंच व्हतं, रत्ना. लोकाच्या चुलीवरची भाकर उचलायचे. बायांना काय बी बोलायचे. आधी लई शांत मानूस. मीच म्हनले व्हते, हाकला म्हून."

"आई, जाऊ दे आता," शिवराज म्हणाला.

"कसं जाऊ दे? मी कुनाला हाकललं रं?" — ओरडल्या त्या. त्यांना एवढं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. शिवराज उठून बाहेर गेला.

मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

८ ऑक्टोबर

जनुकांचा रिपोर्ट आला. बिघाड जनुकातच आहे, सासऱ्यांकडून आलेला असणार. पोरांत उतरायची शक्यता निम्मी. पुढच्या खेपेला मोनिकाला आणि सम्यकला सोबत घेऊन या, त्यांच्या तपासणीचं बोलू, अरफा मॅडम म्हणाल्या.