कमरेचा अधिकृत आकडा

३ मार्च, सोमवार
ऑफिसची वार्षिक मेडिकल झाली. बीपी ठीक. साखर काठावर. कंबर बेचाळीस इंच. डॉक्टरीणबाईंनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचून दाखवला. मला ऐकू येतं, असं म्हणणार होतो, पण राहिलं. पोटावरची चरबी हट्टी असते म्हणाल्या, सगळीकडून उतरते आणि तिथेच बसून राहते.
मी वजनमापे निरीक्षक आहे. सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. एका आकड्यानं हबकणाऱ्यातला नाही. शिवाय त्यांचा टेप कापडी होता. कापड आटतं. आटलेला टेप जास्तच दाखवणार.
तरी आजपासून रात्री फक्त सूप.

३ मार्च, रात्री
सूप फार पातळ झालं. ब्रेड घ्यावा लागला.

६ मार्च, गुरुवार
सूप दाट केलं, बटाटा घालून. ब्रेड आणलेला होताच, वाया कशाला घालवायचा.

९ मार्च, रविवार
लेकीचा फोन. रविवारी सकाळी येतोच. मेडिकलचं विचारलं म्हणून सांगावं लागलं. म्हणाली, आई असती तर हे झालं नसतं. मी म्हटलं, हो. मग तिचा आवाज तुटक येऊ लागला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.
नंतर तिनं जाहीरच करून टाकलं. बारा एप्रिलला येते, आठवडाभर राहते आणि तुमचं खाणंपिणं मार्गी लावते. ऑगस्टमध्ये ही गेली तेव्हा आली होती, त्यानंतर तिला जमलेलं नाही. तिच्याकडे सुट्टीच्या बाबतीत फार कडक आहेत.
मी म्हटलं, काही गरज नाही, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तर म्हणे, येणार म्हणजे येणार.
येऊ दे. पण आल्यावर तिला पोट दिसता कामा नये. बाप व्यवस्थित आहे, खचलेला नाही, हे दारातच कळलं पाहिजे. टार्गेट: छत्तीस.

११ मार्च, मंगळवार
पोटाच्या चरबीवर बरंच वाचलं. कारणं सात-आठ दिली आहेत. एकेक तपासून पाहिलं.
आनुवंशिकता: वडील काडीसारखे होते. आई मात्र गोल. म्हणजे आजोळचा दोष, माझा नाही.
ताण: नाही. घरात भांडायला कोणी नाही, ताण येणार कुठून?
झोप: उत्तम. हॉलमधल्या खुर्चीत झोपतो, टीव्ही चालू ठेवून. पलंगाची गादी मधोमध दबली आहे, पाठीला वाईट. नवीन गादी बघायची आहे. ऑगस्टपासून बघायची आहे, वेळ होत नाही.
उशिरा जेवण: संध्याकाळी घरी येऊन लगेच काय जेवायचं? बातम्या संपल्या की जेवतो. कधी कधी बातम्या दोनदा लागतात.
वय: यावर इलाज नाही.
एकंदरीत माझ्याकडून काही चूक दिसत नाही. तरी व्यायाम सुरू करणार.

१३ मार्च, गुरुवार
एका किराणावाल्याचा काटा जास्त वजन दाखवताना पकडला. तो म्हणे, साहेब, काट्यात खोट नाही, फरशी वाकडी आहे. हे कारण मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता हसूही येत नाही. दंड केला.
आमच्या ऑफिसातला शिक्केवाला (पास झालेल्या काट्यांवर शिक्का तोच मारतो) बाहेर आल्यावर म्हणाला, साहेब, पट्ट्याला बाहेरच्या बाजूनं एक भोक पाडून देऊ का? हत्यार आहे बरोबर. त्याच्या विनोदाकडे मी लक्ष देत नाही.

१५ मार्च, शनिवार
घरचा वजनकाटा बाहेर काढला. आकडा लिहीत नाही. बाथरूमची फरशी वाकडी आहे.
काटा हॉलमध्ये नेला. हॉलचीही वाकडी निघाली. बिल्डरनं फसवलं आहे.
संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी केक घेऊन आल्या. दर शनिवारी आणतात. नको म्हटलं तर म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल. त्यांच्यादेखत खाल्ला, म्हणजे त्या बसतात. त्यांच्या गुडघ्यांची, त्यांच्या सुनेची, पाण्याच्या टाकीची सगळी हकिकत ऐकली. दुसरा तुकडा घेतला तेव्हा सुनेचंच चालू होतं, मध्ये उठणं बरं दिसलं नसतं.

१६ मार्च, रविवार
लेकीला सांगितलं, जोरात चालू आहे. काय चालू आहे ते तिनं विचारलं नाही.
दुपारी तिची मागची खोली झाडली. कोळिष्टकं काढली, खिडकी उघडली, नवा बल्ब लावला. यात वाकणं, उठणं, हात वर करणं सगळं येतं. हाही व्यायामच. कपाट उघडलं नाही. त्यात तिच्या आईचे कपडे आहेत. लेक काही महिन्याभरासाठी येत नाही, बॅग खुर्चीवर ठेवता येईल.

२० मार्च, गुरुवार
सकाळी फिरायला निघालो. रस्त्यात सगळे जोडीनं किंवा कुत्र्याबरोबर. एकटा माणूस नुसता चालत असला की लोक पत्ता विचारतात. तिघांना पत्ते सांगितले. परत आलो तो भूक कडकडून लागलेली. चालण्यानं भूक वाढते, म्हणजे पोट वाढतं. हे कोणी लिहीत कसं नाही?
चालणं तूर्त बंद.

२३ मार्च, रविवार
लेक म्हणाली, बाबा, आवाज बरा वाटतोय तुमचा. मी म्हटलं, आहेच बरा. तिला विचारलं, अजून अंडं आवडतं का? आता सकाळी काहीच खात नाही म्हणे. आणून ठेवीन, खाल्लं तर खाल्लं.
बारापासून अठरापर्यंत रजेचा अर्ज उद्याच देणार.

२७ मार्च, गुरुवार
अर्ज मंजूर. साहेबांनी विचारलं, काय विशेष? सांगितलं. मग कॅशियरनं विचारलं, त्यालाही सांगितलं. शिक्केवाल्याला मी सांगितलं नव्हतं, तरी त्याला माहीत होतं. म्हणतो, साहेब, अख्ख्या मजल्याला पाठ झालंय, आता लिफ्टलाच सांगायचं राहिलंय. त्याच्या डब्यातलं थोडं खाल्लं. त्याची बायको दोघांना पुरेल इतकं देते, तो सांगतो तिला चुकून जास्त होतं.

२९ मार्च, शनिवार
ऑफिसचा स्टीलचा टेप घरी आणला. बेंबीवर माप घेतलं. त्रेचाळीस.
स्टीलचा टेप गोलाईवर नीट बसत नाही.
श्वास ओढून घेतलं. बेचाळीस आणि चक्कर.
मग शांत डोक्यानं विचार केला. कंबर कशाला म्हणायचं? जिथे पट्टा बसतो ती कंबर. माझा पट्टा पोटाच्या खाली बसतो. तिथे एकोणचाळीस भरली. यात लबाडी काही नाही. व्याख्येचा प्रश्न आहे.

३० मार्च, रविवार
लेकीनं विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, एकोणचाळीस.
ती ओरडलीच फोनवर. आजूबाजूला कोणाला तरी सांगितलंही, बाबांनी तीन इंच कमी केले. फार दिवसांनी तिला असं ऐकलं. मग मीही सांगत सुटलो. वेळेवर जेवतो, रोज फिरतो, साखर बंद, पलंगावर लवकर झोपतो. म्हणाली, बाबा, मला उगाच वाटत होतं की तुम्ही एकटे नुसते बसून राहता.
फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं. दुपारी भात जरा जास्त झाला.

२ एप्रिल, बुधवार
नवीन चादर, उशी, टॉवेल. दुकानात बाईनं विचारलं, डबल की सिंगल? सिंगल म्हटलं. पाहुणी येणार आहे असंही सांगितलं. तिला त्याचं काही नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार
पोट आहे तिथेच आहे. पण सैल शर्ट घेतला. चार दिवस कडक पाळलं की बाकीचं शर्ट सांभाळेल. आजींना सांगून ठेवलं, पुढच्या शनिवारी केक मोठा करा, घरात माणसं आहेत.

६ एप्रिल, रविवार
लेकीचा फोन, नेहमीपेक्षा लवकर. तिच्या ऑफिसात नवं काम आलं आहे, सुट्टी मिळते पण साहेबाचं तोंड वाकडं होतं. आधी तिनं ठरवलं होतं की काही झालं तरी निघायचं. मग एकोणचाळीस ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. म्हणाली, "तुमची आता काळजीच नाही राहिली, बाबा. वर्षाअखेरीला निवांत येते."
मी म्हटलं, अगं कामाचं आधी बघ. खरं तर मीच तुला सांगणार होतो.
बरंच झालं. पोटाला आणखी वेळ मिळाला.

७ एप्रिल, सोमवार
शिक्केवाल्यानं विचारलं, कितीच्या गाडीनं येतेय? पुढे ढकललं म्हटलं. त्यावर त्यानं कसलाही विनोद केला नाही. डबा माझ्याकडे सरकवला आणि आज आपलं पोट ठीक नाही म्हणाला. चांगला धडधाकट दिसत होता.

८ एप्रिल, मंगळवार
विचार केला. चुकीचं माप कळवलं गेलं असेल तर दुरुस्ती कळवणं हे माझं काम आहे. व्याख्येतच घोळ होता. उद्या फोन करून स्वच्छ सांगणार: त्रेचाळीस, आणि बेंबीवर. तिनं मग काय ठरवायचं ते तिचं ती ठरवेल. मी ये म्हणणार नाही.

९ एप्रिल, बुधवार
दुपारी ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन केला. मी आपणहून कधी करत नाही, त्यामुळे ती घाबरली. बाबा, काय झालं, काय झालं, असं तीनदा. काही नाही म्हटलं, माप परत घेतलं, मागचा आकडा चुकला होता. किती आहे मग?
त्रेचाळीस तोंडापर्यंत आलं होतं. म्हणालो, साडेचाळीस.
तिला हसू आवरेना. "दीड इंचासाठी भर दुपारी फोन? मला वाटलं दवाखान्यातून बोलताय."
मी म्हटलं, नाही, घरीच आहे. वास्तविक ऑफिसात होतो. मीटिंगला बोलावलं म्हणून तिनं ठेवला. ठेवताना म्हणाली, असेच राहा बाबा.

१२ एप्रिल, शनिवार
आजींना निरोप द्यायचं राहून गेलं. केक मोठा आला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मागच्या खोलीतल्या चादरीकडेही. लेक कुठाय ते विचारलं नाही. त्यांना आज घरी काम होतं, बसल्या नाहीत.
रजा रद्द करायचीही राहिली आहे. आठवडाभर घरीच.
वेळ होता म्हणून माप घेतलं. बेंबीवर, श्वास न ओढता, जसं घ्यायचं तसं. चव्वेचाळीस. पुन्हा घेतलं. चव्वेचाळीसच. पण पाठीमागे टेप सरळ आहे की खाली घसरला आहे ते आपलं आपल्याला दिसत नाही. आरसा लावून पाहिलं, मान वळत नाही. तिथे टेप धरायला दुसरं माणूस लागतं.
तोपर्यंत हा आकडा अधिकृत धरत नाही.